वारसा आणि करारनामा : आज्ञावलीशास्त्रातील एका वादाची सातारा-सांगलीच्या इतिहासाच्या आधारे चिकित्सा

एका शास्त्राने दुसऱ्या शास्त्राकडून शब्द उसना घेतला म्हणजे त्या शब्दाचे जुने तंटेही त्याच्यामागून चालत येतात. संगणकाच्या आज्ञावली रचण्याच्या शास्त्रात 'इनहेरिटन्स', म्हणजे वारसा, हा शब्द असाच कायद्याच्या भाषेतून शिरला. त्याचा प्रतिपक्ष म्हणून जो 'इंटरफेस' उभा केला जातो, त्याला मराठीत करारनामा म्हणणे अर्थाच्या दृष्टीने सर्वांत जवळचे होईल. वारस आणि करार हे दोन्ही शब्द मूळचे अरबी, पण मराठी दफ्तरांतून इतके रुळलेले की त्यांचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही. वारशाने मिळालेला अधिकार मोठा की कराराने मिळालेला, हा प्रश्न आज्ञावलीकारांपुढे १९६७ नंतर आला. साताऱ्यास व सांगलीस तो त्यापूर्वी दीडशे वर्षे येऊन गेला होता, आणि तोही राज्ये व जहागिरी पणास लावून. तेथील युक्तिवादांचा मागोवा घेतल्यास आज्ञावलीशास्त्रातील वादात काय सुटले आणि काय सुटायचे राहिले, हे अधिक स्पष्टपणे दिसते.

प्रथम त्या शास्त्रातील प्रश्नाचे स्वरूप पाहिले पाहिजे. वस्तुकेंद्री आज्ञावलीत, म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये, माहिती आणि त्या माहितीवर करावयाची कामे यांची एकत्र मोट बांधून तिला ऑब्जेक्ट म्हणतात. एकाच घडणीच्या ऑब्जेक्टांचा जो साचा, तो क्लास. एक क्लास दुसऱ्या क्लासचा वंशज म्हणून घोषित केला की पूर्वज क्लासची सारी माहिती आणि सारी कामे वंशजास न लिहिता प्राप्त होतात. हा वारसा. इंटरफेसमध्ये यापैकी काहीच मिळत नाही. तेथे केवळ कामांची यादी असते, आणि जो क्लास ती यादी मान्य करील त्याने प्रत्येक काम आपल्या बळावर करून दाखवावयाचे असते. वारसा 'तू कोणाचा?' असे विचारतो. करारनामा 'तू काय करशील?' असे विचारतो.

वारशाची कल्पना नॉर्वेत जन्मली. ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड हे जहाजे, वाहने, गिऱ्हाइकांच्या रांगा यांच्या हालचालींची प्रतिरूपे संगणकावर उभी करीत होते. निरनिराळ्या वाहनांच्या वर्णनात बराचसा भाग समान असतो, तो पुनःपुन्हा लिहावा लागू नये, ही त्यांची साधी गरज. टोनी होअर यांच्या नोंदवर्गांविषयीच्या विचारांतून त्यांना दिशा सापडली आणि १९६७ साली सिम्युला ६७ या भाषेत एका क्लासला दुसऱ्या क्लासचा उपसर्ग लावण्याची सोय झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या सोयीचे मूळ श्रम वाचविण्यात आहे. वंशाचे तत्त्वज्ञान तिला पुढे चिकटले. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के आणि त्यांचे सहकारी यांनी स्मॉलटॉक भाषा सिद्ध केली. तिच्या १९७२ च्या पहिल्या आवृत्तीत वारसा नव्हताच, तो डॅन इंगल्स यांच्या १९७६ च्या आवृत्तीत आला. स्वतःस वस्तुकेंद्री म्हणविणाऱ्या पंथाच्या आद्य ग्रंथातच वारशास स्थान नसावे, हे त्या पंथाचे पुढचे अनुयायी बहुधा विसरले.

वारशाचे दुखणे कोठे आहे हे सांगलीच्या पेठेतील एका कल्पित उदाहरणाने समजून घेता येईल. समजा, हळदीच्या एखाद्या अडत दुकानासाठी 'वही' नावाचा क्लास लिहिला आहे. त्यात दोन कामे आहेत : एका पोत्याची नोंद करणे, आणि गाडीभर पोत्यांच्या नोंदी एकदम करणे. पुढे दुसऱ्या कोणी त्याचा वंशज 'मोजणी-वही' लिहिला. एक पोते नोंदले की गणती एकाने वाढवावी आणि गाडी नोंदली की गाडीतील पोत्यांच्या संख्येने वाढवावी, एवढेच त्याने केले. शंभर पोत्यांची गाडी आली आणि गणती दोनशे झाली. कारण पूर्वज वहीतील 'गाडीभर नोंद' हे काम आतल्या आत 'एक नोंद' हेच काम शंभर वेळा करवीत होते, आणि ती प्रत्येक नोंद वंशजाच्या गणतीतून पुन्हा जात होती. वंशजाच्या लेखकाने हे ध्यानात घेऊन दुरुस्ती केली, तरी उद्या पूर्वजाच्या लेखकाने आपली अंतर्गत रीत बदलली की गणती पुन्हा चुकणार, आणि त्या बदलाची वार्ता वंशजास कोणी देणार नाही. जोशुआ ब्लॉक यांनी २००१ च्या आपल्या जावाविषयक ग्रंथात याच जातीचे उदाहरण देऊन सावधगिरीचा इशारा दिला आहे. ॲलन स्नायडर यांनी तर १९८६ सालीच दाखवून दिले होते की, ऑब्जेक्टच्या अंतर्भागाचे जे गुप्तपण हे शास्त्र मोठ्या अभिमानाने मिरविते, त्याला वारसा आतूनच भगदाड पाडतो.

मराठी राज्यव्यवस्थेच्या अभ्यासकास येथे वतनाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. वतन मिळाले म्हणजे हक्क, मानपान आणि इनाम जमीन मिळाली. पण तिच्याबरोबर भाऊबंदकी, सीमेचे तंटे आणि आजोबांनी करून ठेवलेली वैरेही मिळाली. त्यांपैकी एवढे घेतो आणि एवढे सोडतो, असे म्हणण्याची मुभा वारसास नव्हती. आज्ञापत्रात वतनदारांविषयी जी धास्ती व्यक्त झाली आहे तिचे कारणही हेच, की वतनदाराचा अधिकार त्याच्या कामगिरीवर अवलंबून नसल्याने राज्यकर्त्यास त्याच्यावर काम लादता येत नाही. सरंजामाची कल्पना याच्या उलट होती. सरंजाम चाकरीसाठी होता. चाकरी संपली की तो सरकारजमा व्हावा, धन्याच्या मृत्यूनंतर मुलास नवी सनद घ्यावी लागावी, असा मूळ नियम. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांची पदेही वंशपरंपरेची नव्हती.

परंतु कराराने दिलेले पद फार काळ करारापुरते राहत नाही. राजाराम महाराजांच्या जिंजीच्या मुक्कामी 'प्रतिनिधी' हे पद निर्माण झाले, तेव्हा त्यात एका कामाचे वर्णन होते : राजाच्या अनुपस्थितीत राजाचे काम करणारा. शाहू महाराजांच्या कारकीर्दीत साताऱ्यास हे पद किन्हईच्या परशुराम त्रिंबकांकडे आले. १७१८ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या पुत्राकडे गेले, आणि यथावकाश औंधच्या घराण्यात 'पंतप्रतिनिधी' हे आडनावच होऊन बसले. ज्याचा अर्थ क्रियापदाने सांगावयाचा तो शब्द कुलनाम झाला. पेशवेपदाचे तेच. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांस मिळालेले पद १७२० मध्ये बाजीरावांस मिळाले. मसूर येथे त्यांना वस्त्रे देण्यात आली तेव्हा दरबारातील जुन्या मंडळींचा विरोध होता आणि त्यांच्या पात्रतेचा विचार निदान झाला तरी होता. पुढच्या पिढ्यांत तोही औपचारिक होत गेला.

पटवर्धनांचे प्रकरण या दृष्टीने अधिक बोधक आहे. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत या घराण्यास कृष्णेच्या दक्षिणोत्तर जो विस्तीर्ण सरंजाम मिळाला, त्याच्याशी तैनात जाबता जोडलेला होता. कोणी किती स्वार ठेवावयाचे आणि त्यांच्या खर्चासाठी कोणता मुलूख, हे त्यात नोंदलेले असे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी पेशवा आणि दक्षिणेतील जहागीरदार यांच्यातील वैर विकोपास गेले, आणि १८१२ मध्ये पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या मध्यस्थीने पंढरपूर येथे करार ठरला. जहागीरदारांनी तैनात जाबत्याप्रमाणे चाकरी करावी, बळकावलेला मुलूख परत द्यावा. पेशव्याने जुनी येणी उकरून काढू नयेत. आणि चाकरी निष्ठेने चालू राहील तोवर सरंजाम अबाधित राहील याची हमी कंपनीने द्यावी. घराण्याच्या थोरवीचा किंवा पूर्वजांच्या पराक्रमाचा या व्यवहारात प्रश्नच नव्हता. स्वारांची संख्या भरते की नाही, एवढेच पाहावयाचे होते.

संख्येने बांधलेल्या कराराचा एक गुण असा की, मोबदला बदलून तो पुरा करता येतो. पेशवाई बुडाल्यावर सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांच्याकडे कंपनीने ४५० स्वारांची मागणी केली. ती चाकरी त्यांना रुचली नाही. अखेरीस १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून देऊन त्यांनी त्या चाकरीतून आपली सुटका करून घेतली. स्वार देणे आणि स्वारांच्या खर्चाचा मुलूख देणे, ही एकाच कलमाची दोन निरनिराळी पूर्तता होय. मागणी करणाऱ्यास आतली घडण कळण्याची गरज नव्हती. इंटरफेसचे पुरस्कर्ते नेमका हाच गुण सांगत असतात.

साताऱ्याच्या तहात असे कोणतेही मोजमाप नव्हते, आणि तेथेच सारा अनर्थ झाला. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने प्रतापसिंह महाराजांना जे राज्य मिळाले ते त्यांना व त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना मिळाले होते. वारस म्हणजे कोण, याची व्याख्या तहात नव्हती. ती करण्याची आवश्यकता त्या वेळी कोणास वाटली नसावी. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून वाराणसीस धाडण्यात आले आणि त्यांचे बंधू शहाजी, ऊर्फ आप्पासाहेब, गादीवर बसले. प्रतापसिंह १८४७ मध्ये वाराणसीस वारले. त्यांनीही दत्तक घेतला होता. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी महाराज निधन पावले. त्यांनी मृत्युशय्येवर भोसले कुळातील एक मुलगा दत्तक घेतला होता.

त्यानंतर जी टिपणे लिहिली गेली, ती केवळ राजकारणाचे कागद म्हणून वाचणे अपुरे आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे म्हणणे होते की, हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र हा वारसच होय, आणि तहातील शब्द ज्या समाजात वापरला त्या समाजाच्या अर्थानेच तो वाचला पाहिजे. साताऱ्याचे रेसिडेंट बार्टल फ्रिअर यांचाही कल दत्तकाच्या बाजूस होता. मुंबईच्या कौन्सिलातील विलोबी यांनी विरुद्ध बाजू मांडली, आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी ३० ऑगस्ट १८४८ च्या टिपणात तिला मान्यता दिली. त्यांच्या युक्तिवादाचा सारांश असा : साताऱ्याचे राज्य हे ब्रिटिश सत्तेने निर्माण केलेले आहे, ज्याने निर्माण केले त्याच्याकडे ते औरस वंश खुंटताच परत जाते, दत्तकास खाजगी मालमत्ता मिळेल, राज्य मिळणार नाही. लंडनच्या संचालक मंडळात काहींनी भिन्नमत नोंदविले, तरी जानेवारी १८४९ मध्ये बहुमताने खालसा करण्यास संमती मिळाली. तासगावची पटवर्धनांची शाखाही १८४८ मध्येच वारसाअभावी खालसा झाली. प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी लंडनला गेलेले रंगो बापूजी चौदा वर्षे तेथे अर्ज-विनंत्या करून १८५३ मध्ये रिक्त हस्ते परतले.

दत्तकाविषयी धर्मशास्त्राची भूमिका काय आहे हे पाहिले म्हणजे या वादाचे मर्म उघड होते. शास्त्रकारांनी दत्तकास 'पुत्रप्रतिनिधी' म्हटले आहे. पुत्राने जी कृत्ये करावयाची, पिंडदान करावयाचे, कुळ चालवावयाचे, ती सर्व तो करतो. म्हणून जेथे जेथे पुत्र अपेक्षित आहे तेथे तेथे तो चालतो. रक्त कोणाचे, हा प्रश्न विधी झाल्यावर उरत नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतील एका परिषदेत बार्बरा लिस्कोव्ह यांनी आज्ञावलीशास्त्रात जे तत्त्व मांडले, आणि १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्यासह काटेकोरपणे सिद्ध केले, ते याच स्वरूपाचे आहे. ज्या ठिकाणी एका प्रकारचा ऑब्जेक्ट अपेक्षित आहे तेथे दुसऱ्या प्रकारचा ठेवला असता आज्ञावलीच्या अपेक्षा भंग पावत नसतील, तर दुसरा हा पहिल्याचा खरा उपप्रकार. लिस्कोव्ह यांच्या सीएलयू या भाषेत वारशाची सोय नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे. विल्यम कुक, वॉल्टर हिल आणि पीटर कॅनिंग यांनी १९९० मध्ये याहीपुढे जाऊन दाखविले की वंशज असणे आणि प्रतिनिधी होण्यास योग्य असणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. वंशज असूनही एखादा अपात्र ठरू शकतो आणि वंशज नसताही दुसरा पात्र ठरू शकतो. औरस आणि दत्तक या भेदास आज्ञावलीशास्त्राने दिलेले हे उत्तर होय, आणि ते क्लार्क यांच्या बाजूचे आहे.

तथापि एवढ्यावरून करारनाम्याचा पक्ष निरपवाद ठरतो असे मानणे घाईचे होईल. साताऱ्याकडे करार होता. राज्य गेले ते करार नव्हता म्हणून गेले नाही. करारातील एका शब्दाचा अर्थ प्रबळ पक्षाने आपल्या सोयीने लावला म्हणून गेले. आज्ञावलीतील इंटरफेसची उणीव हीच आहे. त्यात कामांची नावे आणि देवाणघेवाणीच्या माहितीचे प्रकार लिहिलेले असतात, आणि कंपायलर तेवढेच तपासतो. 'नोंद कर' या नावाखाली कोणी नोंद पुसून टाकली तरी कंपायलर ब्र काढणार नाही. लिस्कोव्ह यांचा आग्रह नावांच्या जुळणीवर नव्हता, वर्तनाच्या अर्थावर होता. हा भेद समर्थकांच्या उत्साहात पुष्कळदा हरवतो. बर्ट्रांड मेयर यांनी आयफेल या भाषेत प्रत्येक कामास पूर्वअट आणि उत्तरअट जोडण्याची पद्धती घातली आणि तिला कराराधिष्ठित रचना असे नाव दिले. तिच्यात वारसाही आहे. पण वंशजास पूर्वजाचा करार मोडता येत नाही. तैनात जाबत्यातील स्वारांच्या आकड्याशी तिची तुलना केल्यास ती अस्थानी होणार नाही. मेयर यांची पद्धत जितकी प्रसृत व्हावयास हवी होती तितकी झाली नाही, याचे कारण अटी लिहिणे कष्टाचे असते. एल्फिन्स्टनसारख्या चतुर मुत्सद्द्यानेही १८१९ मध्ये 'वारस' शब्दाची व्याख्या करण्याचे कष्ट घेतले नाहीत.

सांगलीच्या बाबतीत ही कसोटी तेव्हा लागलीच नाही. चिंतामणराव १८५१ मध्ये वारले तेव्हा मागे पुत्र होता. धुंडिराजराव १९०१ मध्ये पुत्रावाचून वारले, तोपर्यंत १८५७ चा उठाव होऊन गेला होता, संस्थानिकांचा दत्तकाधिकार लॉर्ड कॅनिंगच्या काळात मान्य झाला होता, आणि १९०३ मध्ये दुसरे चिंतामणराव दत्तक वारस म्हणून विनासायास गादीवर आले. सांगली टिकली ती तिचा करार अधिक चांगला होता म्हणून, असे विधान करण्यास आधार नाही. मृत्यूंच्या तारखा तिला अनुकूल पडल्या.

आज्ञावलीशास्त्रात १९९० नंतर पारडे करारनाम्याकडे झुकले. १९९४ मध्ये एरिक गॅमा व त्यांचे तीन सहकारी यांच्या ग्रंथाने वारशापेक्षा संयोग बरा, हा दंडक घालून दिला. वरील उदाहरणात मोजणी-वहीने वहीचा वंशज न होता एक वही स्वतःजवळ बाळगावी आणि नोंदीचे काम तिच्याकडे सोपवावे, म्हणजे गणती चुकत नाही, असा त्याचा अर्थ. सी प्लस प्लस भाषेत १९८९ पासून एका क्लासला अनेक पूर्वज असण्याची मुभा होती. दोन पूर्वजांचा मूळ पुरुष एकच असला तर त्याची माहिती वंशजास एकदा मिळावी की दोनदा, या प्रश्नाने तेथे बराच गोंधळ माजला. १९९५ मध्ये जाहीर झालेल्या जावाने तो मार्ग बंद केला : पूर्वज एकच, करारनामे हवे तितके. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या गो भाषेने क्लासचा वारसा अजिबात ठेवला नाही, आणि इंटरफेस मान्य असल्याची घोषणाही मागितली नाही. कामे जुळली की पुरे.

जावाचा बंदोबस्त मात्र २०१४ पर्यंतच टिकला. त्या वर्षीच्या आठव्या आवृत्तीत, जुन्या इंटरफेसमध्ये नवी कामे घालता यावीत आणि ते मानणारे असंख्य क्लास मोडू नयेत म्हणून, इंटरफेसमध्येच कामाची ठराविक रीत लिहून ठेवण्याची सोय करण्यात आली. नुसत्या यादीस देह आला. प्रतिनिधी हे पद कुलनाम झाले तसाच हा प्रकार. त्याबरोबर जुना पेचही परतला. दोन करारनाम्यांतून एकाच कामाच्या दोन रीती आल्या तर कोणती खरी? जावाचा कंपायलर अशा वेळी स्वतः निवड करीत नाही; क्लासच्या लेखकाने ते काम स्वतः लिहून आपली निवड स्पष्ट केल्याखेरीज तो पुढे जाण्यास नकार देतो. हिंदू धर्मशास्त्रात दोन पित्यांचा वारस होणाऱ्या दत्तकास 'द्व्यामुष्यायण' म्हणतात. सामान्य दत्तकाचा जन्मकुळाशी वारसासंबंध तुटतो. याचा दोन्हीकडे टिकतो. पण त्यासाठी जनक पिता आणि दत्तक पिता यांनी हा मुलगा आपणा दोघांचा, असा करार दत्तविधानाच्या वेळीच केलेला असावा लागतो.